घास छातीत अडतो तेव्हा

दर वर्षी ३ फेब्रुवारी रोजी, संत ब्लेझ यांच्या सणाच्या दिवशी, धर्मगुरू दोन मेणबत्त्या एकमेकींवर तिरप्या धरून भाविकांच्या गळ्याशी लावतात आणि घशाच्या व्याधींपासून रक्षण व्हावे म्हणून आशीर्वाद देतात. आर्मेनियातील सेबास्ते नगरीचे हे बिशप चौथ्या शतकाच्या आरंभी हुतात्मा झाले. घशात माशाचा काटा अडकून गुदमरणाऱ्या एका मुलास त्यांनी वाचविले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. काटा अडकणे ही मात्र एका क्षणाची आपत्ती होय. ज्या अडण्याविषयी आज लिहावयाचे आहे ते महिनोन् महिने चालते, घशात नव्हे तर त्याच्याही खाली चालते, आणि पुष्कळदा घरातल्या माणसांच्याही ध्यानात येत नाही.

वाचकांनी असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. निपाणीच्या बाजूचे खेडे, दिवेलागणीनंतरची वेळ. ताटात ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, कडेला ठेचा. सून आग्रह करते, “आत्ती, अजून अर्धी भाकरी घ्या की.” सासूबाई मान हलवितात. “गळ्याखाली उतरंना गं. मधेच बसलंय.” मग त्या तांब्याभर पाणी पितात, उभ्या राहतात, हात वर करून छाती ताणतात, आणि काही वेळाने न्हाणीकडे जाऊन खाल्लेला घास बाहेर टाकतात. त्यास आंबटपणा नाही, कडवटपणा नाही. भाकरीचा तुकडा तोंडात घातला होता जवळजवळ तसाच परत आलेला. घरचे म्हणतात, पित्त वाढले. पित्ताच्या गोळ्या सुरू होतात, त्या वर्षभर चालतात, आणि तेवढ्या काळात लुगडे सैल होत जाते.

घरच्यांची समजूत पित्ताची असते. रोग्याची स्वतःची समजूत पुष्कळदा निराळी असते आणि ती तो बोलून दाखवीत नाही. आपल्या भागात त्यास कारणही आहे. निपाणीची ओळखच मुळी विडीच्या तंबाखूने झालेली. शेतात तंबाखू, वखारीत तंबाखू, विड्या वळणाऱ्या बायांच्या सुपात तंबाखू, आणि सकाळी दातांना लावावयाची मिश्री तीही तंबाखूचीच. तंबाखू ओढल्याने, तसेच ती तोंडात धरल्याने, अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे निर्विवाद आहे. साहजिकच ज्याचा घास अडू लागतो तो मनात म्हणतो, “आपल्याला तेच झाले,” आणि जे ऐकण्याची भीती वाटते ते ऐकावे लागू नये म्हणून दवाखान्याची पायरी चढत नाही. दृष्ट लागली असे मानून मीठमिरच्या ओवाळणारी घरेही आपल्यांत नाहीत असे नाही. या सर्व समजुतींत वेळ जातो, आणि वेळ हीच या दुखण्यात सर्वांत महाग वस्तू आहे.

वस्तुस्थिती अशी आहे की, घास अडण्याची कारणे ढोबळ मानाने दोन जातींची असतात. एका जातीत वाट अरुंद झालेली असते: गाठ, जुनी जखम भरून आलेला आवळपणा, किंवा असेच काही. दुसऱ्या जातीत वाट मोकळीच असते, परंतु अन्न पुढे ढकलण्याची तिची चाल बिघडलेली असते. पहिल्या जातीविषयी सर्वांना ठाऊक आहे. दुसरीविषयी फारच थोड्यांना ठाऊक असते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

अन्ननलिका म्हणजे केवळ पाणी वाहून नेणारा नळ नव्हे. सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची ती स्नायूंची नळी आहे. आपण घास गिळला की तिच्यात वरून खाली आकुंचनाची एक लहर निघते आणि आठदहा सेकंदांत तळाशी पोचते. उसाच्या कांडीवर मूठ फिरवीत खाली न्यावी तशी ती लहर घासाला पुढे लोटते. त्यामुळेच डोके खाली व पाय वर करून गिळलेला घासही जठरातच जातो. नळीच्या तळाशी, जठराच्या तोंडावर, स्नायूंचे एक कडे आहे. एरवी ते आवळलेले असते, जठरातील आम्ल वर येऊ देत नाही. घास गिळला की नेमके तेव्हाच ते सैल होते, घास आत घेते आणि पुन्हा मिटते. ही सारी शिस्त नळीच्या भिंतीत विणलेले मज्जातंतूंचे जाळे सांभाळते. त्यांतल्या काही पेशींचे कामच मुळी “आता सैल हो” असा हुकूम देण्याचे असते.

त्या पेशी नाश पावल्या म्हणजे कडे मिटलेलेच राहते आणि वरची लहरही नाहीशी होते. या रोगास अकॅलेशिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न सैलावणे’ असा आहे. वर्षाकाठी लाखात एकदोन माणसांना तो नव्याने होतो, स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही, आणि विशेषतः तरुण व मध्यम वयात दिसतो. त्या पेशी का मरतात याचा पुरता उलगडा अद्याप झालेला नाही. दक्षिण अमेरिकेत मात्र किड्याच्या दंशातून पसरणाऱ्या चागास नावाच्या रोगानेही अन्ननलिकेची हीच दशा होते.

रोग मात्र नवा नव्हे. १६७४ साली टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अशाच एका रोग्याची हकीकत लिहून ठेवली आहे. त्या मनुष्याच्या पोटात अन्न उतरेनासे झाले होते. विलिसने देवमाशाच्या हाडासारख्या लवचीक पट्टीची कांडी करून तिच्या टोकास स्पंजाचा गोळा बसवून दिला. रोग्याने जेवावे, पाणी प्यावे, नळी भरत आली की ती कांडी स्वतःच्या हाताने घशातून खाली सारावी आणि अडलेले अन्न जठरात लोटावे! तो मनुष्य पुढे पंधराएक वर्षे याच रीतीने जेवत राहिला. वाचताना अंगावर काटा येतो. तथापि विलिसला मर्म कळले होते: दार बंद आहे, ते ढकलून उघडले पाहिजे. त्यानंतर सव्वा दोनशेहून अधिक वर्षांनी, १९१३ साली, जर्मनीत अर्न्स्ट हेलर या शल्यवैद्याने ते कडे बाहेरून चिरून सैल करण्याची शस्त्रक्रिया केली, आणि सुधारलेल्या रूपात ती आजही होते.

आता डॉक्टर हे ओळखतात कसे?

आरंभ प्रश्नांनी होतो. हे प्रश्न घरच्यांनाही कळावेत असे आहेत. पहिले भाकरी अडू लागली, मग भात, मग पेज, आणि शेवटी पाणीही, असा क्रम आठवड्यांत वा थोड्या महिन्यांत उतरत गेला असेल तर गाठीचा संशय प्रबळ होतो. उलट, आरंभापासूनच भाकरी आणि पाणी दोन्ही अडत असतील, कधी बरे तर कधी वाईट असे वर्षे-दोन वर्षे चालले असेल, तर चालीतील बिघाडाचा संशय घ्यावा. रात्री आडवे झाल्यावर न पचलेले अन्न वर येऊन उशी ओली होणे, झोपेत ठसका लागणे, वारंवार छातीत कफ होणे, ही त्याचीच चिन्हे. रोगी गळ्याकडे बोट दाखवितो यावरून काही ठरत नाही. अडथळा जठराच्या तोंडाशी असला तरी तो गळ्याशी असल्यासारखे पुष्कळांना वाटते.

मात्र हे प्रश्न विचारून घरीच निकाल लावावयाचा नाही. जठराच्या तोंडाशी झालेली गाठ हुबेहूब अकॅलेशियाचे सोंग घेऊ शकते, विशेषतः रोगी वयस्क असेल, दुखणे थोड्याच महिन्यांचे असेल आणि वजन झपाट्याने उतरले असेल तर. म्हणून पहिली तपासणी दुर्बिणीची, म्हणजे एंडोस्कोपीची. ती गाठ आहे की नाही हे दाखविते, आणि संशयास्पद जागेचा कण तपासणीस घेता येतो. चालीतील बिघाड मात्र दुर्बिणीला पुष्कळदा दिसत नाही. “दुर्बीण घातली, काही निघाले नाही” एवढ्यावर समाधान मानून पुन्हा पित्ताच्या गोळ्यांकडे वळणारी माणसे असतात. घास अडतच असेल तर “काही निघाले नाही” हे उत्तर अपुरे आहे. त्याचा अर्थ एवढाच की शोध पुढे चालू ठेवला पाहिजे.

दुसरी तपासणी बेरियमची. खडूच्या पाण्यासारखे दिसणारे औषध पाजून एक्स-रे काढतात. अकॅलेशिया पुष्कळ दिवसांचा असेल तर नळी वर फुगलेली आणि तळाशी पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती झालेली दिसते. ठराविक मिनिटांनी पुन्हा चित्र घेऊन किती औषध अजून नळीतच उभे आहे तेही मोजतात.

खरा निवाडा तिसरी तपासणी करते. तिला मॅनोमेट्री, म्हणजे दाबमापन, म्हणतात. हिच्याविषयी लोकांच्या मनात उगीच भय असते, म्हणून सांगतो. काही तास उपाशी राहून जावे लागते. नाकात बधिर करणारे औषध लावून पेन्सिलीहूनही बारीक अशी नळी नाकावाटे जठरापर्यंत सोडतात. ती जाताना उमासा येतो, डोळ्यांत पाणी येते. पण भूल द्यावी लागत नाही आणि कापाकापी काही नसते. मग आडवे निजवून दहा वेळा पाण्याचा एकेक घोट, म्हणजे ५ मिलिलिटर, गिळावयास सांगतात. पुन्हा बसवून आणखी काही घोट, आणि शेवटी पेलाभर पाणी भराभर प्यावयास. अर्ध्या तासाच्या आसपास सारे आटोपते. नळीवर एकेका सेंटीमीटरच्या अंतराने दाब ओळखणारे बिंदू बसविलेले असतात. ही घन मांडणी आणि तिच्यावरून रंगीत चित्र काढण्याची रीत १९९० च्या दशकात अमेरिकेतील डॉक्टर रे क्लाउझ यांनी पुढे आणली. पडद्यावर कमी दाब निळा व जास्त दाब तांबडा दिसतो, आणि प्रत्येक घोटाबरोबर निरोगी माणसात तांबडा पट्टा तिरपा उतरत जाताना डोळ्यांनी पाहता येतो.

या चित्रांचे वाचन जगभर एकाच रीतीने व्हावे म्हणून तज्ज्ञांनी २००९ साली एक वर्गवारी सिद्ध केली. तिला शिकागो वर्गवारी म्हणतात. तिची चौथी आवृत्ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. वर्गवारी हा शब्द ऐकून शाळेतला वनस्पतिशास्त्राचा तास आठवेल आणि वाचक पान उलटतील, अशी मला धास्ती आहे. परंतु तिची युक्ती अगदी सोपी आहे. ती दोनच प्रश्न क्रमाने विचारते.

पहिला प्रश्न: घोट गिळल्यावर तळाचे दार उघडले का? दाराजवळचा दाब किती उतरतो ते मोजून हे ठरते. काही यंत्रांवर १५ मिलिमीटर पारा ही वरची मर्यादा धरतात. दार उघडत नसेल आणि वरची सरळ लहरही नसेल तर तो अकॅलेशिया, आणि त्याचे तीन प्रकार. पहिल्यात नळी अगदी निपचित पडलेली असते. दुसऱ्यात बंद नळीत सापडलेला घोट सर्वत्र एकदम सारखा दाबला जातो. तिसऱ्यात नळीचा खालचा भाग वेळेआधीच पेटका आल्यासारखा आवळतो. दार नीट उघडत नाही पण लहर शाबूत आहे, अशीही एक स्थिती असते. ती कधी सरकलेल्या जठरामुळे, कधी अफूजन्य वेदनाशामक औषधांमुळे दिसते, म्हणून तिच्यावर घाईने उपचार करीत नाहीत.

दुसरा प्रश्न: दार उघडत असेल तर लहर कशी आहे? ती मुळीच नसेल, तर अंगाची त्वचा घट्ट करणारा स्क्लेरोडर्मा नावाचा विकार आहे काय ते पाहतात. ती फार लवकर आवळत असेल तर अन्ननलिकेचा पेटका. ती अतोनात जोराची असेल तर अतिआकुंचन, ज्याला इंग्रज डॉक्टर दगड फोडणाऱ्या यंत्राचे नाव देतात. आणि बहुतेक घोटांना ती दुबळी किंवा तुटक असेल तर दुबळी चाल. हा शेवटचा प्रकार पुष्कळ आढळतो आणि पुष्कळांना त्याचा काही त्रासही होत नाही. नव्या आवृत्तीचा मला सर्वांत पटलेला भाग तो हाच: पेटका, अतिआकुंचन वा अर्धवट उघडणारे दार यांवर नुसत्या चित्रावरून रोगाचा शिक्का मारावयाचा नाही, रोग्यास खरोखर घास अडण्याचा वा छातीत दुखण्याचा त्रास असला पाहिजे. कागदावरील रेघेला औषध द्यावयाचे नसते, माणसाला द्यावयाचे असते.

येथे कोणी म्हणेल, की नावांचा हा पसारा कशासाठी? घास अडतो, तो सुटला की झाले! उत्तर असे की, नावावर उपाय अवलंबून आहे. अकॅलेशियात मेलेले तंतू परत आणणारे औषध अजून नाही. सारे उपाय दार सैल करण्याचे आहेत. दुर्बिणीतून फुगा नेऊन दार ताणता येते. ते पुढे पुन्हा करावे लागण्याचा संभव असतो, आणि क्वचित नळी फाटण्याचा धोकाही असतो. हेलरची शस्त्रक्रिया आता पोटावर लहान छिद्रे पाडून करतात. आणि २००८ साली जपानी डॉक्टर हारुहिरो इनोउए यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून, आतूनच स्नायू चिरण्याची रीत सुरू केली. तिला पोएम म्हणतात. बाहेर एकही टाका नाही. या दोन रीतींची तुलना २०१९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन वर्षांनंतर बरे राहिलेल्यांचे प्रमाण पोएममध्ये ८३ टक्के आणि हेलरच्या शस्त्रक्रियेत जवळपास ८२ टक्के भरले. मात्र पोएमनंतर आम्ल वर येण्याचा त्रास अधिक जणांना झाला. दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांना कोणताही उपाय चांगला लागू पडतो. तिसऱ्या प्रकारात फुगा फारसा पुरा पडत नाही. तेथे आवळणारा भाग लांबवर चिरावा लागतो आणि पोएम त्यास सोयीची पडते. अतिशय वृद्ध वा अशक्त रोग्यास सुईने औषध टोचून काही महिने दार सैल ठेवता येते. दुबळ्या चालीच्या माणसाचे दार चुकून चिरले, तर त्याचे भले होण्याऐवजी आम्लाची कायमची कटकट मात्र मागे लागेल. नाव आधी, सुरी मागून, असा हा क्रम आहे.

आपल्या भागातील मंडळींनी जावे कोठे? बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली निघाले, तेव्हापासून मोठ्या दुखण्यासाठी दूर धावण्याचे कारण पुष्कळ कमी झाले. निपाणी, चिकोडीकडील माणसे कोल्हापूर-मिरजेकडेही जातात. दुर्बीण व बेरियम यांची सोय या शहरांत होते. दाबमापनाचे यंत्र मात्र प्रत्येक ठिकाणी नसते. तेव्हा पोटविकारतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे की ही तपासणी आपल्याकडे होते काय, नसेल तर कोठे पाठवाल. पोएम मुंबई व हैदराबाद येथे, विशेषतः हैदराबादेत डॉ. नागेश्वर रेड्डी यांच्या संस्थेत, होत असते. खर्चाविषयी व सरकारी योजनेविषयी आधीच चौकशी करावी. सीमेवरच्या माणसाचे रेशनकार्ड एका राज्याचे आणि दवाखाना दुसऱ्या राज्यात, अशी गत होते आणि कागदावाचून खोळंबा होतो.

जाताना एक वही बरोबर न्यावी. एकार्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी एक साधी गुणपद्धती घालून दिली आहे, तीच घरी वापरता येते. घास अडणे, अन्न परत वर येणे आणि छातीत दुखणे, या तिन्हींपुढे प्रत्येकी लिहावे: कधीच नाही तर ०, कधीमधी तर १, रोज तर २, प्रत्येक जेवणास तर ३. वजन मुळीच उतरले नसेल तर ०, ५ किलोपर्यंत उतरले असेल तर १, ५ ते १० किलो तर २, त्याहून अधिक तर ३. बेरीज १२ पैकी येते. उपचारानंतर ती ३ किंवा कमी राहिली तर काम साधले असे समजतात. नवऱ्याने बायकोची आणि सुनेने सासूची ही वही लिहावी, कारण रोगी स्वतः नेहमी कमी सांगतो. विशेषतः नव्या सुनांकडे लक्ष असू द्यावे. पंगतीत न बसता मागाहून एकटी जेवणारी, जेवताच उठून जाणारी मुलगी नखरे करीत आहे असे ठरविण्यापूर्वी तिचा घास अडतो काय, हे सासूने एकदा मायेने विचारावे. अशा मुलींचे दुखणे मनाचे म्हणून वर्षानुवर्षे मागे पडलेले आहे.

छातीत दुखण्याविषयी एक ताकीद. अन्ननलिकेचा पेटका आणि हृदयाचा झटका यांची कळ सारखीच वाटू शकते. तेव्हा अशी कळ प्रथम आली की आधी हृदयाची तपासणी, अन्ननलिकेची चौकशी त्यानंतर.

तपासणी होईपर्यंत घास लहान घ्यावा, पुष्कळ चावावा, भाकरी आमटीत वा दुधात कुस्करावी, बसूनच जेवावे, रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी तीन तास उरकावे आणि खाटेची उशाकडची बाजू विटा लावून उंच करावी. मिश्री आणि विडी त्याच दिवशी सोडावी, तपासणीचा निकाल काहीही येवो.

एक शेवटची गोष्ट, जी डॉक्टर सांगणार नाहीत. घास अडणारी काही वृद्ध माणसे ख्रिस्तप्रसाद घेण्याचेच टाळू लागतात. ओस्ती छातीत अडेल, ठसका लागेल, चारचौघांत शोभा होईल, ही त्यांची भीती. त्यांनी रांगेतून मागे फिरण्याचे कारण नाही. ओस्तीचा अगदी लहान तुकडाही पूर्ण ख्रिस्तप्रसादच आहे, आणि ज्यास तोही गिळवत नाही त्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपात तो देण्याची मुभा ख्रिस्तसभेच्या कायद्यात आहे. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपास पाण्याने वा औषधाने मोडत नाही, आणि आजारी व वृद्ध यांना तर त्या उपासाचेही बंधन नाही. मिस्सापूर्वी घरातील कोणी सॅक्रिस्टीत जाऊन फादरांच्या कानावर एवढे घालावे, आणि आजीच्या बाकाजवळ पाण्याचा पेला झाकून ठेवावा.